शेवटच्या झाडाजवळची गाडी

बाजारात मासे घेताना मला कळलं की मी मेले आहे.

आमच्या या उत्तरेकडच्या सालेखार्द शहरात थंडी एकदा नीट बसली की मासे लाकडासारखे कडक होतात आणि बायका ते बर्फात उभे खोचून ठेवतात. मी एका म्युक्सून माशाला शेपटीशी धरून उपटत होते. विकणारी बाई पाठमोरी बसून दुसऱ्या कुणाला चव द्यायला गोठलेल्या माशाचे पातळ काप सोलत होती. ती वळली, माझ्याकडे पाहिलं, आणि सुरी चालूच राहिली. मांस संपलं, काटा लागला, तरी ही आपली सोलतेच आहे. तिचा चेहरा मला आठवेना, पण बाहीवरची नक्षी मी ओळखली. ती याप्तिकांच्या घरची नक्षी. माझ्या धाकट्या भावाचा आणि याप्तिकांचा हिवाळ्याचा मुक्काम एकमेकांपासून फार लांब नसतो, म्हणजे ही तशी शेजारचीच. "अगं, बोट कापशील," मी म्हटलं.

"तू ओकोतेत्तोंची ना? शहरात गेलेली?"

"हो, तीच. तू याप्तिकांची सून का गं?"

तिनं सुरी खाली ठेवली. "तुमची गाडी बघितलीय आम्ही," ती हळू आवाजात म्हणाली. "झाडांतली, तिच्यातूनही झाड उगवलंय ती. येता-जाता लागते वाटेत. सासूबाई तिथं चॉकलेट ठेवतात."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच की."

एका दमात तूचं तुम्ही झालं होतं. मग तिनं माझ्या हातातल्या माशाकडे बघितलं, शेजारचा त्याहून मोठा मासा उपटला, आमच्या दोघींच्या मधे बर्फावर आडवा ठेवला आणि एक पाऊल मागं सरकून म्हणाली, "हाही न्या. पैसे राहू देत, तुमच्याकडून नको." मी हसले. मोठ्यानं हसले, आजूबाजूच्या लोकांनी वळून पाहिलं. पण दोन्ही काखांत एकेक मासा घेऊन रस्ता ओलांडताना मला वाटलं की आपले पाय जमिनीला जरा कमीच लागताहेत. एक मोटार कर्कश हॉर्न वाजवत अंगावरून गेल्यासारखी गेली, तेव्हा मला बरं वाटलं. त्या ड्रायव्हरनं तरी मला बघितलं होतं.

चूक कुणाचीच नव्हती. आमच्यात माणूस गेलं की त्याची गाडी, म्हणजे रेनडियरांना जुंपायची, बर्फावरून घसरत जाणारी लाकडी गाडी, त्याच्याजवळच ठेवतात. ती उलटी करतात, एखादी पट्टी मोडतात. पुन्हा तिला कुणी हात लावत नाही, आणि गेलेल्याचं नावही कुणी घेत नाही. माझी गाडी मी लग्नाआधी जंगलाच्या कडेला उभी करून आले, त्याला आता जन्म लोटला. वाऱ्यापावसानं ती कलंडली असेल, पट्ट्या कुजल्या असतील. त्यातून झाड वर आलेलं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं आणखी काय समजायचं? मी तिथून गेले असते तर मीही चॉकलेट ठेवलं असतं, आणि ते ठेवताना मान खाली घातली असती. पण आपण मेल्याची बातमी आपल्यालाच सगळ्यांत शेवटी कळावी, हे काही मला पटेना. घरी आल्यावर मी कोट न काढताच न्हाणीतल्या आरशासमोर उभी राहिले. गाल लाल होते, नाक वाहत होतं. मेलेल्याचं नाक वाहत नसणार. मी नळ सोडला आणि गरम पाण्याखाली हात धरून किती तरी वेळ उभी राहिले.

हा गरम पाण्याचा नळ माझा फार लाडका आहे. कुणी मला विचारलं की शहरात राहून काय मिळालं, तर मी आधी नळ सांगेन, मग पाचव्या मजल्याची खिडकी, मग बालवाडीचं स्वयंपाकघर, जिथं मी नोकरी केली आणि जिथली पोरं आता रस्त्यात भेटली की स्वतःच्या पोरांना सांगतात, हिच्या हातची लापशी खाऊन मी वाढलो. नवरा चांगला होता, बोटीवर यंत्रावाला होता, झोपेत गेला. मुलगा त्युमेनला आहे, रविवारी फोन करतो. शेजारी झिनाइदा आहे. तक्रार करावी असं काही नाही, आणि तक्रार करायची मला हौसही नाही. त्या संध्याकाळी झिनाइदा आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. "मेलीस तर मेलीस, याना, पण माझी कढई आधी परत कर," म्हणाली. शहरात मला याना म्हणतात. माझं खरं नाव याब्ने, पण आमच्याकडे मोठ्या माणसाला तोंडावर नाव घेऊन कुणी हाक मारत नाही, त्यामुळे ते ऐकल्यालाही जन्म लोटला. कढई घेऊन झिनाइदा गेली. मी दिवा न लावता खिडकीशी बसले आणि त्या जागेचा विचार करायला लागले.

नकाशात त्या जागी एक हिरवी रेघ असते, जंगल इथं संपलं असं सांगणारी. प्रत्यक्षात रेघ वगैरे काही नाही. आधी दाट लार्च वृक्ष असतात, मग विरळ, मग एकेकटे, मग नुसतं मोकळं मैदान, आणि आता संपलं म्हणावं तर पुढं आणखी दोन बुटके उभे. वाऱ्याकडच्या बाजूला फांदी नाही, दुसऱ्या बाजूला आहेत. माणसाच्या खांद्याइतकं झाड, पण ते आजीच्या आजीच्या वेळचं. लहानपणी मी आणि धाकटा भांडायचो, शेवटचं झाड कुठलं यावरून. मी एक धरायचे, तो त्याच्या पुढचं. मग मी आणखी पुढं पळायचे. दमून मागं बघितलं की आमचा चूम, खांबांवर कातडी चढवलेला तंबू, एवढासा दिसायचा, धूर निघत असायचा, आई हातवारे करून बोलवत असायची. शेवटचं झाड आम्हाला कधी सापडलंच नाही. ओरडा मात्र दोघांना मिळायचा. हिवाळाभर आम्ही त्या कडेवर राहायचो. जंगलात फार आत गेलं तर बर्फ मऊ आणि खोल, जनावरं पोटापर्यंत रुततात. बाहेर मैदानात वाऱ्यानं बर्फ दगड झालेलं, आणि जाळायला काडी नाही. कडेवर दोन्हीचं थोडं थोडं असतं. सरपण आहे, आडोसा आहे, जनावरांना उकरून खायला शेवाळ आहे, आणि चार पावलं चाललं की डोळ्यांना आभाळ आहे. वसंत आला की जड सामान गाड्यांवर बांधून तिथंच सोडायचं आणि हलकं होऊन उत्तरेला निघायचं. त्याला राखण नसते. कुणी नेत नाही. सोडलेली गाडी म्हणजे माणूस परत येणार, एवढंच बघणाऱ्याला कळतं आणि तेवढं पुरतं.

मीही अशीच सोडली. आईनं माझ्यासाठी करवून घेतलेली बाईमाणसाची गाडी, मागं उंच पाठ असलेली. शेवटच्या झाडांच्याही पुढं, मोकळ्यावर, तोंड उत्तरेला करून. "शिकून येते," म्हणाले होते. शिवणाचं शिक्षण होतं. शिवण राहिलं, बोटीवरचा यंत्रावाला भेटला. परत येणार नाही असं मी कधीच म्हटलं नाही, कुणी विचारलंही नाही. गाडी उभी होती म्हणजे मी येणार होते. इतकी वर्षं मी खिडकीशी बसून जेव्हा जेव्हा तिकडचा विचार केला, तेव्हा गाडी मोकळ्यावर उभी दिसायची, चारी बाजूंनी आभाळ. आणि इकडे तिच्याभोवती जंगल येऊन उभं राहिलं होतं, आणि मी त्यात पुरलेली होते. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. भूक मात्र लागली. मी उठून मासा सोलला आणि मीठ-मिरी लावून खाल्ला. छान होता.

धाकट्याचं नाव एदेयको, पण मी त्याला धाकट्याच म्हणते. डोंगरीवर चढला तरच त्याचा फोन लागतो, आणि तो रविवारी चढतो.

"पोचलात का कडेला?" मी विचारलं.

"पोचलो की."

"माझ्या गाडीत झाड उगवलंय म्हणे."

तिकडून नुसता वारा. मग म्हणाला, "हं."

"हं काय? कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं."

"मग सांगितलं का नाहीस रे?"

"तू विचारलं नाहीस."

"लोक मला मेलेली समजताहेत, धाकट्या!"

"कोण म्हणालं? याप्तिकांची सून का? ती भित्रीच आहे." आणि तो जरासा हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला. त्याची बायको मागच्या वसंतात गेली, कडेवरच, निघायची बांधाबांध झाल्यावर. एकुलती मुलगी त्याआधीच लग्न होऊन लांब उत्तरेला गेलेली.

"चूम लावलास का?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"नाही. याप्तिकांकडे झोपतो. घर गाड्यांवर बांधलेलंच आहे. घरात बाई नाही तर चूम कोण उभा करणार, ताई? उन्हाळ्यात चालतं, सगळे एकत्र असतात, कुठंही टेकता येतं. हिवाळ्यात ज्याचं त्याला वेगळं राहावं लागतं. याप्तिक म्हातारा म्हणतो, जनावरं माझ्या कळपात सोड आणि तू वस्तीत जा. खोली मिळते म्हणे, गरम असते."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं, पहिलं वादळ होऊन जाऊ दे, मग सांगतो." मग उगीचच खोकला आणि म्हणाला, "तुझ्या गाडीचं काय करू? झाड तोडू का?"

"मी येऊन बघते," मी म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पिशवी काढून बसलेय. का, ते मला नीट सांगता येईना. एक मासा आणायला गेलेली बाई मी. बालवाडीच्या नोकरीतून सुटले, पाय सुजतात, संध्याकाळी गोळी घेते. धाकट्यानं मला काही मागितलं नव्हतं. आमच्यात मागत नाहीत. जनावरं दिली की माणूस वस्तीतल्या खोलीत बसतो, खिडकीतून बघतो, आणि दोन-तीन वर्षांत मरतो. असे मी कितीतरी पाहिलेत, बालवाडीच्या पायऱ्यांवर बसून असायचे, पोरांच्या ताटातलं उरलेलं कुत्र्यांना घालायचे. पण खोलीत राहून मी तर मजेत होते! मला खोली मानवली, मग त्याला का मानवू नये, असंही एकदा मनात आलं. मनात काय, काहीही येतं. लगेच स्वतःचाच राग आला.

नदी गोठून धरली होती. साखळीवर चालणाऱ्या मोठ्या मोटारीनं शेवटच्या वस्तीपर्यंत गेले, तिथून पुढं धाकटा घ्यायला आला होता. चार जनावरं, त्याची हलकी गाडी. मला बघून तो खाली उतरला, माझी पिशवी घेतली, आणि तोंड दुसरीकडे वळवून म्हणाला, "जाड झालीस." मी म्हटलं, "आणि तू वाळलास. दोघांचं मिळून पूर्वीइतकंच आहे." गाडी निघाली. हाडं खिळखिळी झाली म्हणून मी ओरडत होते, आणि खरं सांगते, आतून इतकी खूश होते की मलाच लाज वाटली. फरच्या आत स्वतःच्या श्वासाची ऊब, तोंडावर जनावरांच्या खुरांनी उडवलेलं बर्फ, तो वास. वासाला काही वर्षं-बिर्षं कळत नाहीत. आपण नाकानं लगेच तिथं असतो, बाकीचं शरीर मागून येतं.

जागेवर पोचलो तेव्हा मला ती ओळखूच आली नाही. मी मोकळ्यावर शोधत होते आणि धाकटा झाडांत शिरला. "इकडे कुठं?" मी विचारलं. "इकडेच," तो म्हणाला. सगळीकडे कोवळे लार्च होते, मनगटाएवढे, सरळ, चारी बाजूंनी फांद्या असलेले. वाऱ्यानं मोडलेले, म्हातारे, वाकडे जे आमच्या लहानपणचे, ते त्या पोरांच्या घोळक्यात अवघडून उभे होते. आणि त्यांच्या मधे माझी गाडी. एका अंगावर कलंडलेली, उंच पाठ अजून शाबूत. बसायच्या फळ्यांच्या मधून एक झाड वर गेलं होतं, फळ्या बाजूला सारून, निवांत. फांद्यांना कुणीकुणी चिंध्या बांधल्या होत्या. खाली चॉकलेटच्या चांद्या, एक मोडकी बांगडी, एक अख्खा लिमलेटच्या गोळ्यांचा डबा. मी त्या डब्याकडे बघत राहिले. माझ्यासाठी इतकं काही कुणी कधी आणलं नव्हतं.

मला मग ते दिसलं. गाडीनं वारा अडवला असणार. आडोशाला बर्फ साचलं, बर्फाखाली एक रोप उबेत राहिलं, पुढच्या वर्षी बोटभर वर आलं, त्याच्या आडोशाला आणखी एक. मी नव्हते म्हणून हे झालं. मी आले असते, गाडी जुंपून नेली असती, तर इथं वारा लागला असता आणि हे झाड उगवलं नसतं. मी खिडकीशी बसून मासे खात होते, पोराला शाळेत सोडत होते, झिनाइदाशी कढईवरून भांडत होते, त्या सगळ्या काळात हे इथं वाढत होतं. मला वाईट वाटायला हवं होतं का? मला वाटलं नाही. बरं वाटलं. असं वाटलं की आपण काही फुकट घालवलं नाही.

धाकट्यानं कुऱ्हाड काढली होती. हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"राहू दे रे," मी म्हटलं. "चांगलं झाड आहे. राहू दे."

त्यानं मान हलवली. कुऱ्हाड परत गाडीला बांधली, सावकाश, गरजेपेक्षा जास्त गाठी मारून. मग जनावरांकडे गेला आणि त्यातल्या एकाच्या मानेवर हात टाकून उभा राहिला. मला वाटलं, दमला असेल.

याप्तिकांच्या चुमात म्हातारीनं मला जवळ बोलावलं. तिला दिसत नाही फारसं. तिनं हात पुढं करून माझा दंड चाचपला, चिमटा काढला, मी ओरडले. "मांस आहे गं अंगावर," ती घरभर ऐकू जाईल अशी म्हणाली. "मेलेलं माणूस इतकं जाड नसतं. सूनबाई, ये बाहेर, चावत नाही ही. काय गं, माझी चॉकलेटं परत देशील का?" सगळे हसले, सूनही हसली, तोंडावर बाही धरून. जेवणात मला मऊ शिजलेली जीभ दिली, ताजं हाड फोडून दिलं. पण धाकटा जेवून लगेच उठला आणि म्हाताऱ्या याप्तिकबरोबर बाहेर गेला. म्हातारी माझ्याकडे सरकली.

"गाडी राहू दे म्हणालीस?" तिनं विचारलं.

"हो."

"मग झालं तर. आता तो म्हाताऱ्याला सांगतोय, जनावरं घे म्हणून. वादळाची वाट बघत नाही म्हणाला."

"अहो पण का? मी गाडी राहू दे म्हटलं. मी येणार नाही असं कुठं म्हटलं?"

"बाई," म्हातारी म्हणाली, "जिला परत जुंपायची असते ती गाडी मोकळी करून घेते. राहू दे म्हटलं की दुसरा काय अर्थ होतो? शहरात होतो का?"

त्यानं कुऱ्हाड हातात धरून मला विचारलं होतं. फोनवर विचारलं होतं तेही तेच होतं. त्याला जेवढं मागता येत होतं तेवढं त्यानं मागितलं होतं, आणि मी त्याच्यासमोर उभी राहून, एका झाडाचं कौतुक करत, नाही म्हटलं होतं. ज्या एका गोष्टीसाठी मी सबंध नदी ओलांडून आले ती मला समजलीच नव्हती. आणि मला यायचं होतं की नव्हतं? तेही मी स्वतःला विचारलं नव्हतं. बालवाडीत पोरं जेवायला बसली की मी कधी विचारायची नाही, तुला हवंय का. ताटात वाढून मोकळी व्हायची. माझ्या स्वतःच्या बाबतीतही मी तशीच. वाढलेलं आनंदानं खाल्लं. शहर वाढलं, खाल्लं. कुणी विचारलंच असतं तर काय सांगितलं असतं मी? आणि आता इथं, हाडातला मगज बोटावर घेऊन बसलेली असताना, मला साफ कळत होतं की हिवाळाभर इथं राहायला मला आवडेल. त्यागबिग काही नाही. आवडेल. आणि उन्हाळ्यात डास सुरू झाले की माझा नळ मला आवडेल. दोन्ही आवडायला काय हरकत आहे? माणसानं पूर्ण इकडचं नाही तर पूर्ण तिकडचं असलंच पाहिजे, हे कुणी ठरवलं?

मी उठून त्याच्यामागं धावणार होते, ओरडून सांगणार होते. म्हातारीनं माझी बाही धरली. "तोंडानं सांगू नकोस," ती म्हणाली. "तोंडानं काय, पाहुणे पण बोलतात."

सकाळी, उजाडतंय न उजाडतंय तोवर, मी त्याच्या बांधलेल्या गाड्यांपाशी गेले. खांबांची गाडी, कातड्यांची गाडी, फळ्यांची, चुलीची. वसंतात बांधल्यापासून कुणी सोडलेल्या नव्हत्या. दोरीला हात घातला आणि थांबले. गाठ माझ्या ओळखीची नव्हती, धाकट्याची तर नव्हतीच. बाईमाणसाची गाठ, आवळून, टोक आत खोचलेलं, म्हणजे थंडीत हातमोज्यानंसुद्धा ओढता यावं. त्याच्या बायकोनं बांधली होती ती, निघायच्या आदल्या दिवशी, आणि मग निघाली नव्हती. ही गाठ धाकट्यानं इतके महिने सोडली नव्हती. घरात बाई नाही हे खरंच होतं, पण एवढंच खरं नव्हतं. मी तिथं उभी राहून रडले. मग हातमोजा न काढता टोक ओढलं, आणि तिनं जसं ठरवलं होतं तशी गाठ सुटली. "बरं बांधलंस गं," मी तिला म्हटलं. नाव नाही घेतलं.

फळ्या मांडल्या, मधे चुलीचा पत्रा. पहिले दोन खांब डोक्याशी बांधून उभे केले ते पडले. पुन्हा केले, पुन्हा पडले, एक माझ्या खांद्यावर. कमरेतून कळ निघाली. हाताला आठवत होतं, पण हात आता बालवाडीचे झाले होते. तिसऱ्यांदा मी खांबांना एक सणसणीत शिवी दिली, आईची आवडती, आणि ते राहिले. मग एकेक खांब लावत गोल फिरले. याप्तिकांच्या चुमातून सून बाहेर आली होती, डोक्यावर हात ठेवून म्हातारा उभा होता, कुणी मदतीला येत नव्हतं, आणि ते योग्यच होतं. धाकटा जनावरांमधे होता. त्याची पाठ माझ्याकडे. तो वळत नव्हता.

खांब झाले. कातड्यांचं पांघरूण मात्र एकटीला चढत नाही, कुणालाच चढत नाही. मी त्याचं एक टोक उचललं, काठीला अडकवलं, आणि दुसरं टोक बर्फात पडलेलं ठेवून तशीच उभी राहिले. हाक मारली नाही. वारा सुटला होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग बर्फावर पावलं वाजली, दुसरं टोक वर उचललं गेलं, आणि खांबांच्या पलीकडून धाकट्याचा श्वास ऐकू यायला लागला.

"कमी ओढ," तो म्हणाला.

"तू जास्त ओढ," मी म्हटलं. आणि मग, पांघरूण चढवता चढवता, एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं म्हणून बोलता आलं. "उन्हाळ्यात तू याप्तिकांबरोबर उत्तरेला जा. मी माझ्या घरी जाईन. नदी धरली की येईन. जनावरांचं काय सांगितलंस म्हाताऱ्याला?"

"तो म्हणाला, सकाळ होऊ दे."

"मग झाली सकाळ."

त्यानं दोरी इतक्या जोरात ओढली की अख्खा चूम हलला.

आत चूल पेटली, धूर जरा फिरला आणि वाट सापडून वर गेला. मी चहा ठेवला. धाकटा त्याच्या जागी बसला, ओले बूट काढले, पेला दोन्ही हातांत धरला, एक घोट घेतला. काल याप्तिकांकडे त्यानं माझ्यापुढं सगळ्यांत चांगले तुकडे सरकवले होते, तीनदा विचारलं होतं, ऊब आहे का. आता त्यानं पेल्यात बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"फिक्का आहे, ताई," तो म्हणाला. "आणि माझं बुटांत उबेला घालायचं गवत कुठं टाकलंस? कुठली वस्तू जागेवर म्हणून नाही."

पाहुण्याच्या हातच्या चहाला आमच्याकडे कुणी नावं ठेवत नाही. मी त्याला दोन शिव्या घातल्या आणि किटलीत आणखी मूठभर पत्ती टाकली.